ट्यूब बंद होईपर्यंत

मित्रांनो, पटापट जवळ या, मला फार वेळ नाही. मामा आत्ता खिडकीच्या फटीत जुनी चादर कोंबताहेत. ते झालं की ते ट्यूब बंद करतील, आणि ट्यूब बंद झाली की या खोलीत फक्त एकाच माणसानं बोलायचं, असा इथला नियम आहे. तेवढ्या वेळात मला माझी अख्खी कहाणी सांगून टाकायची आहे.

मी एक जुना माइक आहे. कॉलरला चिमट्यानं लावतात तो, शेंगदाण्याएवढा, पाठीमागे लांबलचक वायर असलेला. तीन वर्षं मी ड्रॉवरमध्ये पडून होतो आणि आज सकाळी बाहेर आलो. का आलो, ते शेवटी सांगेन. आत्ताच सांगितलं तर मधलं तुम्ही ऐकणार नाही, मी ओळखून आहे तुम्हाला!

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. मला दिसत नाही. जे सांगेन ते कानावर पडलेलं. कुणी कसा दिसतो हे मला विचारू नका. कोण कसा दम खातो, कुणाच्या चपलेची पट्टी सैल आहे, हे विचारा.

कारखान्यात मी पहिला आवाज ऐकला तो एका बाईचा. "एक, दोन, तीन. चालतोय. पुढचा!" दिवसभर ती आम्हा सगळ्यांपुढे तेवढंच म्हणायची. माझ्या आधीच्याला तिनं "हा फेका" म्हटलं होतं, त्यामुळे 'चालतोय' हा शब्द मला आजही सगळ्यात गोड लागतो.

पुढे सात वर्षं मी एका व्याख्यात्याच्या कॉलरवर काढली. यशस्वी कसं व्हावं हे ते लोकांना सांगत. रोज तेच वाक्य, तोच विनोद, त्याच जागी हशा. माझं तोंड त्यांच्याकडे असल्यामुळे समोरच्या माणसांना काय म्हणायचं आहे ते मला कधी कळलंच नाही. मग त्यांनी नवा माइक घेतला, आणि मी जुन्या वायरींच्या खोक्यात जाऊन पडलो. "कुठल्या तरी संस्थेला देऊन टाका," असं ते म्हणाले. त्या 'कुठल्या तरी'मुळेच माझं भाग्य उजळलं.

कारण खोकं आलं ते इथं. ही संस्था म्हणजे दोन खोल्या. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी इथं पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करतात आणि घरोघर पाठवतात. बाहेरच्या खोलीत आक्का बसतात. त्यांनीच हे सगळं उभं केलं. आक्कांना जन्मापासून दिसत नाही, आणि तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यामुळे त्यांच्या कानांपुढे मी म्हणजे किस झाडाचा पाला! वाचणाऱ्यानं पान उलटताना बोटाला थुंकी लावली तरी त्यांना कळायचं.

आतली ही रेकॉर्डिंगची खोली. भिंतींना चादरी, खाली सतरंजी, खिडकी कायमची बंद केलेली, आणि डोक्यावर एकच ट्यूब. ही ट्यूब गुणगुणते. तुम्हाला कदाचित ऐकूही येणार नाही, पण आक्कांना ती गुणगुण म्हणजे दाताखाली आलेला खडा. म्हणून रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, ट्यूब बंद, आणि वाचणाऱ्याशिवाय खोलीत कुणी थांबायचं नाही. वाचणारा माणूस पुस्तकाच्या स्टँडवर लावलेल्या बॅटरीच्या छोट्या दिव्यावर वाचतो. बटणं बंद करून दार लावून घेण्याचं काम मामांचं. मामा मूळचे इलेक्ट्रिशियन; निवृत्त झाल्यावर एकदा बटण दुरुस्त करायला म्हणून आले, ते इथलेच झाले. वीस वर्षं त्यांचा हात त्या बटणावर आपोआप जातोय. हे लक्षात ठेवा हं. पुढे याच हातानं घोळ घातला!

माझे ते दिवस फार सुखाचे होते. वाचणारे मुख्य दोघं. एक गुरुजी, खर्जातल्या आवाजाचे, आणि एक मावशी, ज्यांच्या वाचनात प्रत्येक स्वल्पविराम ऐकू यायचा. मग एकाच महिन्यात गुरुजींच्या घशाचं ऑपरेशन निघालं आणि मावशी मुलाकडे परगावी राहायला गेल्या. खोली एकदम गप्प झाली.

आणि नेमकी तेव्हाच वकीलबाई आली.

ती अजून वकील झालेली नव्हती, पण बोलायची अशी की आक्कांनी पहिल्याच दिवशी तिचं ते नाव ठेवलं. कायद्याचं शेवटचं वर्ष. चार पुस्तकं वाचून हवी होती, जुन्या छपाईची, वीटभर जाडीची. संगणकाकडून वाचून घेण्याचा प्रयत्न तिनं केला होता, पण त्या पुसट जोडाक्षरांपुढे त्यानं हात टेकले आणि कलमांचे पार बारा वाजले. आदल्या वर्षी पुस्तकंच पूर्ण झाली नव्हती, म्हणून ती परीक्षेला बसू शकली नाही. आता ही शेवटची संधी होती.

"परीक्षेला किती दिवस?" आक्कांनी विचारलं.

"बेचाळीस."

"आणि वाचणारं माणूस?"

"मी आहे ना!" मामा म्हणाले आणि उत्साहानं वाचायला बसले. एका पानाला पाऊण तास लागला. 'उपरोक्त' या शब्दाशी ते तीनदा अडखळले आणि 'पोटकलम' म्हणताना शिंकले. वकीलबाई हसता हसता म्हणाली, "मामा, या वेगानं मी थेट न्यायाधीश म्हणूनच निवृत्त होईन."

हसणं थांबलं, पण प्रश्न तसाच राहिला. मग मामांना त्यांची भाची आठवली. ती मोबाइलवर व्हिडिओ करून ते इंटरनेटवर कसे टाकायचे, हे छोट्या छोट्या संस्थांना शिकवायची. रविवारी ती आली. पायात वाजणारे बूट, बोलणं चुरमुरे फुटल्यासारखं.

"हे बघा," ती म्हणाली, "संस्था कधी स्थापन झाली, अध्यक्ष कोण, हे कुणी ऐकत नाही. पहिल्या दहा सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. एकच माणूस दाखवायचा, त्याची एकच गोष्ट सांगायची आणि शेवटी एकच मागणं. दहा गोष्टी मागितल्या की लोक एकही देत नाहीत."

"माणूस म्हणजे मी?" वकीलबाईनं विचारलं. "बिचारी म्हणून दाखवणार असाल तर मी निघते. मागे सारंगीबिरंगी लावली तर बघा!"

"तुझी परवानगी असेल तेवढंच दाखवायचं. आणि टाकायच्या आधी तुला ऐकवायचं."

"मग ठीक आहे."

भाची पुढे जे बोलली ते ऐकून मला मूठभर मांस चढलं, मित्रांनो. "सगळ्यात महत्त्वाचा आवाज. लोक एक वेळ खराब चित्र चालवून घेतात, पण खराब आवाज अजिबात नाही. हा तुमच्याकडचा माइक आहे ना, हाच लावा. हनुवटीच्या खाली वीतभर. ओढणी घासायला नको. बाहेर वारा असला तर त्याला स्पंजची टोपी घाला."

बघा! टोपी! मला! त्या दिवशी मी इतका फुगलो की काही विचारू नका. चित्र काय, कुणीही काढेल, खरा राजा मी, असं मला वाटू लागलं. त्या माजाची शिक्षा मला लवकरच मिळायची होती.

दुसऱ्या दिवशी भाचीला दुसरीकडे काम होतं, म्हणून मामांनीच शूटिंग करायचं ठरवलं. स्टुलावर पुस्तकांची चळत, तिच्यावर मोबाइल. "जरा डावीकडे... हां, आता मधोमध आलीस," असं म्हणत त्यांनी वकीलबाईला नीट बसवलं, मला तिच्या कुडत्याला लावलं, मोबाइलचं बटण दाबलं, पंखा बंद केला, बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

ती चार मिनिटं बोलली. अडखळली नाही की कुठे रडवेली झाली नाही. मी एकेक शब्द झेलला. दार उघडल्यावर मामांनी हेडफोन घातले. आवाज तपासताना डोळे मिटून ऐकायचं, ही आक्कांनीच त्यांना लावलेली सवय. मग आक्कांनी ऐकलं, आणि मग वकीलबाईनं.

"उत्तम!" आक्का म्हणाल्या. "एक श्वाससुद्धा इकडचा तिकडे नाही. टाका."

मामांनी भाचीनं शिकवल्याप्रमाणे ही कळ, मग ती कळ असं करत व्हिडिओ पाठवून दिला. मी तर पाहुण्यांची वाट बघत बसलो. पण तीन दिवस कुणाचा फोन नाही की दारावरची घंटा नाही. चौथ्या दिवशी फोन आला तो भाचीचा, प्रवासातून.

"मामा, लेन्सवर बोट ठेवलं होतं का?"

"नाही बाई. का?"

"अहो, चार मिनिटं नुसता अंधार आहे! काळाकुट्ट!"

मामांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "ट्यूब," ते म्हणाले. "पंख्याबरोबर ट्यूबपण बंद केली मी. वाचायचं काही नव्हतं, म्हणून छोटा दिवाही लावला नाही."

"पण टाकताना तरी दिसलं असेल ना?"

"मला वाटलं, नाटकात कसं आधी पडदा असतो, तसं असेल..."

आक्का अशा हसल्या की खुर्ची करकरली. वकीलबाईही हसली. "आणि तपासायला कोण? आम्ही दोघी! वा, काय निवड केली!" पण तिचं हसू मध्येच तुटलं. आता चौतीस दिवस उरले होते आणि चारही पुस्तकं तशीच होती. ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. इतका चोख आवाज पकडून मी काय मिळवलं होतं? मला खूप वाईट वाटलं. माझी टोपी मलाच बोचू लागली.

संध्याकाळी भाची धावतच आली. "पुन्हा करू. या वेळी ट्यूब चालू ठेवून."

"ट्यूब चालू ठेवून रेकॉर्डिंग?" आक्का कडाडल्या. "माझ्या हयातीत नाही. ती गुणगुण सगळीकडे ऐकू जाईल."

"आक्का, पण लोकांना दिसायला नको?"

"आणि ऐकू यायला नको?"

दोघींची चांगलीच जुंपली. मामा मध्ये पडले आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन बाजूला झाले. तेवढ्यात पायरीवरून चपला वाजल्या.

"भांडू नका," वकीलबाई दारातून म्हणाली. "दोन्ही घेऊ. गुणगुणही घेऊ आणि अंधारही. मी सांगते तसं करा."

तिनं जे सांगितलं ते ऐकून भाचीनं जोरात टाळी वाजवली.

पण मित्रांनो, ऐन वेळी दगा दिला तो मीच. मामा मला रोज बोटांभोवती करकचून गुंडाळून ठेवायचे; त्यानं माझी वायर मानेपाशी आतून तुटत आली होती. वकीलबाईनं तोंड उघडलं आणि मी खरखरलो. पुन्हा प्रयत्न, पुन्हा खरखर. माझे तर हातपाय गळाले, म्हणजे असते तर गळाले असते! भाची म्हणाली, "उद्या दुसरा माइक आणू."

"उद्या नको. अजून एक दिवस जाईल," वकीलबाई म्हणाली. "जरा थांबा." तिनं माझी वायर दोन बोटांत धरली आणि सावकाश वर सरकवत नेली. खरखर... खरखर... आणि थांबली. "इथंच दुखतंय याला," ती म्हणाली. मान तशीच चिमटीत धरून ती बोलायला लागली. तिच्या अंगठ्यातली नाडी मला लागत होती. आवाज शांत होता, पण नाडी मात्र घोड्यावर बसली होती. ती किती घाबरली आहे हे जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि मी ते कुणाला ऐकू दिलं नाही.

व्हिडिओ दीड मिनिटाचा होता. आधी नुसती ट्यूबची गुणगुण. मग ती म्हणाली, "ऐकलीत? या गुणगुणीपायी आमचा पहिला व्हिडिओ अंधारात गेला. मी निळा कुडता घातलाय, असं आमची भाची म्हणते. मी तिच्यावर विश्वास ठेवलाय. मामा, करा बंद."

टक्. गुणगुण थांबली.

"आता तुम्हाला काही दिसत नाही, पण माझं काहीच अडलेलं नाही. मी बोलतेय, तुम्ही ऐकताय. माझं अडलंय ते वेगळ्या ठिकाणी. मामा, लावा."

टक्. पुन्हा गुणगुण, आणि टेबलावर चार पुस्तकं आदळल्याचा धप्प आवाज. "इथं. ही चार पुस्तकं मला वाचून हवीत, परीक्षेच्या आत. रोज वीस मिनिटं येऊन वाचा. चष्मा असला तरी चालेल, आवाज जाडाभरडा असला तरी चालेल. फक्त या."

बस्, एवढंच. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी भाचीनं खाली सगळे शब्द लिहिले. या वेळी टाकायच्या आधी आवाज आक्कांनी तपासला आणि चित्र मामांनी, चष्मा लावून, डोळे सताड उघडे ठेवून.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही नाही. मामा उगाचच घंटेचं बटण उघडून तपासत होते. आणि मग घंटा वाजली! दारात एक बसचालक. "ते वाचायचं इथंच का?" त्यांचा आवाज हॉर्नसारखा, मी दचकून थरथरलो. त्यांच्या मागून एक नर्स आली, ड्यूटी संपवून तशीच. मग एक शिंपी. मग दोन बहिणी, आधी कोण वाचणार यावरून जिन्यातच भांडत आलेल्या. आक्का दाराशी उभ्या राहून पावलं मोजत होत्या. "अकरा... बारा... मामा, सतरंजी कमी पडतेय!" आठवडाभरात सव्वीस माणसं झाली. हे सांगताना आजही मला खरखर सुटते!

मामांनी माझी मान नीट जोडली आणि त्या दिवसापासून मला सैल वेटोळं करून ठेवायला लागले. एक महिना खोलीला उसंत नव्हती. बसचालक 'उपरोक्त' असं म्हणायचे की समोरची गाडी बाजूला व्हावी. दर शनिवारी वकीलबाई छोटा व्हिडिओ टाकायची, "या आठवड्यात अमुक पानं झाली, ही ही माणसं आली, तुमचे आभार." हे ऐकून आधी आलेली माणसं टिकली आणि नवीही आली. परीक्षेच्या दोन दिवस आधी नर्सबाईंनी शेवटचं पान वाचलं आणि "समाप्त" म्हणाल्या. दाराबाहेर टाळ्या वाजल्या. नियम मोडला म्हणून आक्का कुणावरही रागावल्या नाहीत. निकाल लागला त्या दिवशी वकीलबाईनं मला कॉलरला लावून पहिलं वाक्य उच्चारलं, "पास झाले!"

त्यानंतर काय होणार ते तुम्ही ओळखलंच असेल. कुणीतरी बिनवायरीचे नवे माइक भेट दिले. ते चांगले होते, खोटं कशाला बोलू? मी ड्रॉवरमध्ये गेलो. सोबतीला संपलेल्या बॅटऱ्या आणि कुलूप हरवलेली किल्ली. वरून माणसांची ये-जा ऐकू यायची आणि मी मनातल्या मनात म्हणायचो, 'एक, दोन, तीन. चालतोय.' पण पुढचा कोण, ते कुणी म्हणत नव्हतं.

आज सकाळी ड्रॉवर उघडला. ओळखीची बोटं माझ्या मानेवरून सरकली आणि बरोबर जोडावर थांबली.

"हाच," ती म्हणाली. "मामा, याच्यावरच करायचं."

मित्रांनो, वकीलबाई आता खरीखुरी वकील आहे. एका नव्या मुलीला परीक्षेसाठी पुस्तक हवं आहे आणि आज ते वाचायला वकीलबाई स्वतः आली आहे. पुस्तक ब्रेलचं आहे, म्हणजे उठावाच्या ठिपक्यांचं, बोटांनी वाचायचं; त्या मुलीला ते अजून येत नाही. या खोलीत इतकी माणसं वाचून गेली, पण असं वाचन मी कधी ऐकलेलं नाही. मी इतका आतुर झालोय की कधी एकदा सुरू होतंय असं झालंय!

बरं, चादर कोंबून झाली वाटतं. जाता जाता एवढंच ऐका. तुमच्या घरातल्या वायरी करकचून गुंडाळू नका. आमचीही मान दुखते. जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा तिच्याशी "एक, दोन, तीन" बोलून बघा. आणि तुमच्याकडे रोजची वीस मिनिटं असतील, तर ती कुणाला तरी वाचून दाखवा. आवाज जाडाभरडा असला तरी चालतो.

मामांची पावलं बटणाकडे चालली आहेत. "छोटा दिवा लावू का गं?" असं त्यांनी सवयीनं विचारलं, आणि मग स्वतःच हसले. आज या खोलीत कुणालाच दिवा लागणार नाही.

टक्.

श्श... आता मी गप्प. ऐका, पानावरून तिची बोटं सरकताहेत.